एका तपकिरी बाटलीचा निवाडा

परदेशी पेयाची पारख करताना परीक्षकाने आपले पूर्वग्रह दाराबाहेर ठेवावेत, हा दंडक मला तत्त्वतः मान्य आहे. परंतु न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या पुतण्याने थंडगार रूट बिअरच्या बाटलीचे बूच उघडताक्षणी जो दरवळ सुटला, त्याने नाकाच्याही आधी माझा गुडघा सावध झाला, आणि ज्या द्रव्याने आजवर केवळ माझ्या सांध्यांची चाकरी केली ते आता घशाखाली उतरवायचे आहे, या जाणिवेने निःपक्षपातीपणाचा पायाच डळमळला.

हा भ्रम नव्हे. विंटरग्रीन या झुडपाच्या पानांतून निघणारे मिथाइल सॅलिसिलेट या पेयाच्या गंधात असते आणि आपल्या वेदनाशामक मलमांतही तेच असते. अमेरिकन मूल तो वास गोळ्या-च्युइंगमांमुळे ओळखते, आपण तो आजीच्या पाठीमुळे ओळखतो. सबब एकाच मुद्देमालाविषयी दोन इमानदार साक्षीदार परस्परविरुद्ध जबानी देतात.

मूळ दोष अर्थात जन्मदात्याचा. चार्ल्स हायर्स हा फिलाडेल्फियाचा औषधविक्रेता. १८७६ च्या तेथील भव्य प्रदर्शनात त्याने हे पेय लोकांपुढे मांडले, आणि वाळक्या मुळ्या-सालींची पुडी घरी नेऊन पाणी, साखर व यीस्ट यांच्या संगतीत ती आंबवावी, असा त्याचा प्रघात होता. यीस्टचे नाव निघताच मद्यपाननिषेधक महिलांच्या संघटनेस संशय आला आणि १८९५ पासून त्यांनी त्यावर बहिष्कार पुकारला. पुढे रासायनिक तपासणीत बाटलीभर पेयातला मद्यांश पावरोटीच्या अर्ध्या भागाइतकाच निघाला, तेव्हा कुठे ते निर्दोष सुटले. ज्या सॅसाफ्रास मुळाचा या पेयास मुख्य आधार, त्यातील सॅफ्रोलवर मात्र १९६० साली सरकारी मनाई आली, आणि तेव्हापासून बाजारी बाटलीत त्या मुळाचा बहुधा मुखत्यारच हजर असतो.

“काका, आपली उपळसरी तरी काय वेगळी?” अशी वकिली पुतण्याने केली, आणि ती अगदीच बिनबुडाची नव्हती. पण उपळसरी आम्ही वैद्याच्या हुकमाने, तोंड वाकडे करून घेतो. औषध हौसेने, आणि तेही खिदळत पिणे, ही मजल आम्ही अद्याप गाठलेली नाही.

तथापि फेसाचे कौतुक केलेच पाहिजे. तो दाट, मलईसारखा आणि कमालीचा टिकाऊ होता. पहिल्या घोटात ज्येष्ठमध, मागोमाग व्हॅनिला, किंचित काकवी, आणि या प्रतिष्ठित मंडळींच्या पाठीमागे, हात बांधून, अदबीने उभे राहिलेले मलम! व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा त्यात सोडल्यावर मलम बरेचसे माघार घेते.

सारांश, फेस उत्तम, रंग समाधानकारक, चव एकटीने अनुत्तीर्ण, आइस्क्रीमच्या जामिनावर उत्तीर्ण. कोणा वाचकावर हा प्रसंग आलाच, तर बाटली अतिशय थंड करून घ्यावी. कोमट होऊ दिल्यास गंध बळावतो आणि मलमाची फिर्याद पुन्हा दाखल होते.