बिनकेमिकलवाले नाना

रांजणगावात महागणपतीच्या कृपेने आणि एमआयडीसीच्या पगारावर सुखात असलेल्या प्रत्येक सोसायटीत एक तरी ‘बिनकेमिकलवाले नाना’ असतात. दिवसभर कंपनीत मायक्रॉनमायक्रॉनचा हिशेब ठेवणारे नाना घरी आले की मोजमाप विसरतात. चष्मा कपाळावर सारून सॉसच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचतात आणि ‘सोडियम बेंझोएट’ दिसताच आत नाग असावा तशी ती खाली ठेवतात. मग लोणच्याच्या दोन फोडी जास्त घेतात. खरं तर दोन्हीकडे काम एकच चाललेलं असतं. मीठ जंतूंमधलं पाणी ओढून घेतं. बेंझोएट आंबट पदार्थात बुरशीला वाढू देत नाही. आपल्या जुन्या अन्नभेसळ नियमांनी मीठ, साखर, तेल यांनाही परिरक्षकच मानलं होतं, फक्त पहिल्या वर्गातले. प्रमाणाची कमाल मर्यादा आहे ती दुसऱ्या वर्गातल्या बेंझोएटला. म्हणजे नाना घाबरतात ते मोजून घातलेल्याला. बरणीतल्या मिठाला विचारणारं कोणी नाही, नानांची बीपीची गोळी सोडली तर.

‘मग काय, कंपन्या घालतील ते मुकाट्यानं खायचं?’ हा नानांचा सवाल रास्त आहे. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काही गुऱ्हाळांवर उकळत्या रसात हायड्रॉस पावडर पडते, आणि तिच्यामुळे गुळात उरणाऱ्या सल्फर डायऑक्साइडला दहा लाखांत ७० भागांची मर्यादा आहे ती उगाच नाही. पण ही पावडर पडते कोणासाठी? दौंडकडचा गूळ घ्यायला थांबलेले नाना काळपट ढेप बाजूला सारतात, सोनेरी ढेपेवर टिचकी मारतात आणि म्हणतात, ‘हा बघा, एकदम नैसर्गिक!’ गुऱ्हाळवाल्याला आणखी काय सांगायला हवं?

‘पूर्वी कुठं होतं हे सगळं?’ असंही ते विचारतात. पूर्वी विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकत आणि पाणी गुलाबी होई. आता टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर पडते. तिच्या वासानं नाना नाक मुरडतात, पण पटकीची साथ आठवणारी माणसं मुरडत नाहीत. त्याच टीसीएलवर मात्र रविवारी संडास घासताना नानांचा फार जीव. दुप्पट जोर यावा म्हणून ते तिच्यावर अ‍ॅसिड ओततात. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन सुटतो, म्हणजे पहिल्या महायुद्धात खंदकांवर सोडलेला वायू. नाना खोकत, डोळे पुसत बाहेर येतात, हळदीचं दूध मागवतात आणि सुनेला बजावतात, ‘तरी सांगत होतो, तो सॉस घरात आणू नका.’