पाण्यात होडी, बाहेर मोल

मावळात बैल घेणाऱ्याला फसवणं अवघड. शर्यतीचा खोंड पाहायला तो पार सांगोल्याच्या बाजारापर्यंत जाईल, पण तिथे पोचला की आधी जबडा उघडेल. आदत आहे, दुसा आहे की चौसा, हे त्याला मालकाच्या तोंडून नव्हे, बैलाच्या तोंडातून कळून घ्यायचं असतं. मग खूर, वशिंड, शेपटीचा गोंडा. मग अंगावरचे भोवरे. एखादा भलत्या जागी निघाला तर निम्म्या किमतीतही नको. मग "जरा पळवून दाखवा". एवढं करूनही मनात बसला नाही, तर अडीचशे किलोमीटर आलो याचं त्याला काही वाटत नाही. चहा पिऊन, तंबाखू मळून गडी रिकाम्या टेम्पोने परत.

याच माणसाने जुनी शिडाची होडी घ्यायची म्हटली, तर यातलं काहीही होणार नाही.

मावळातल्याच उर्शाच्या पंचक्रोशीत जमिनीचे पैसे हाती आलेल्यांनी आजवर फॉर्च्युनर घेतल्या, जेसीबी घेतले, मंगल कार्यालयं बांधली, नामांकित बैल दावणीला आणले. शिडाची होडी कुणी घेतल्याचं अजून ऐकिवात नाही. पण गुंठामंत्र्याची हौस फार दिवस एका जागी थांबत नाही. समुद्र साठ-सत्तर किलोमीटर लांब आणि मध्ये सह्याद्री आडवा, ही अडचण मावळात कुणी सांगू नये. नौदलाचं आयएनएस शिवाजी इथेच, लोणावळ्याच्या डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर उंचीवर १९४५ पासून उभं आहे. जहाजांच्या इंजिनांचं शिक्षण तिथे मिळतं, आणि नावाआधी 'आयएनएस' आहे म्हणजे कागदोपत्री तेही जहाजच. नौदलाला डोंगर चालतो, तर पवना धरणाकाठच्या बंगल्याला होडी का चालू नये?

होडी शोधायला मात्र लांब जावं लागतं. मुंबईत रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासून आहे. तरी जुन्या शिडाच्या होड्यांचा बाजार म्हणावा असा आपल्याकडे नाही. कोकणातल्या मचव्यांनी शिडं गुंडाळून इंजिनं बसवली त्यालाही जमाना झाला. युरोपात उलटी गत. साठ-सत्तरच्या दशकांत तिथे फायबरग्लासच्या होड्या कारखान्यांतून धडाधड बाहेर पडल्या. लाकूड कुजतं, लोखंड गंजतं; फायबरग्लास काही केल्या मरत नाही. मालक थकले, त्यांचे गुडघे गेले, होड्या तशाच धक्क्याला बांधलेल्या, आणि धक्क्याचं भाडं चालूच. फ्रान्सला तर २०१९ पासून असल्या होड्या मोडीत काढायला वेगळी यंत्रणा उभी करावी लागली. विकणारा अडलेला, माल ढिगाने, भाव पडलेला. घेणाऱ्याला याहून चांगला बाजार मिळायचा नाही, आणि तो बुडतो तोही नेमका इथेच.

कारण तो लांबून आलेला असतो.

होडीचेही दात पाहता येतात. जाणकार तपासनीस छोटी हातोडी घेऊन तळभर टकटक करत फिरतो. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आतले थर सुटलेले आहेत. पाण्याखालच्या भागावर फोड आलेत का, ते तो बोटांनी चाचपतो. डोलकाठी ताणून धरणाऱ्या तारा दहा-पंधरा वर्षांच्या पुढे गेल्या असतील, तर दिसायला कितीही चकचकीत असोत, बदलायच्याच. सागवानी डेक हा तर खास सापळा. फोटोत पाहून जीव अडकतो, पण फळ्या बसवताना मारलेल्या शेकडो स्क्रूंपैकी कुठला कधी पाणी आत सोडेल ते सांगता येत नाही. ही सगळी तपासणी होडी पाण्याबाहेर उचलून करायची असते, आणि क्रेनचे पैसे साधारणपणे घेणाऱ्याच्याच खिशातून जातात. म्हशीचं मोल पाण्याबाहेर उभं राहून करता येतं, कारण ती कधीतरी आपल्या पायांनी वर येते.

सांगोल्याहून रिकामा टेम्पो आणणं निराळं, आणि इंग्लंडहून हात हलवत येणं निराळं. व्हिसा झालेला, चौकात 'युरोप दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा' असा फ्लेक्स लागलेला, मेव्हण्याने पवनेच्या काठावर जागा साफ करून ठेवलेली. अशा वेळी हातोडीखाली बद्द आवाज आला, तरी ऐकणाऱ्याच्या कानात ताशाच वाजत असतो. "थोडंसं काम आहे," असं होडीचा मालक म्हणतो. जगातल्या सगळ्या भाषांत हे वाक्य सारख्याच निरागस चेहऱ्याने म्हटलं जातं.

यावर हसायचं असेल तर आधी भारत सरकारला हसावं लागेल. रशियाकडे 'अ‍ॅडमिरल गोर्शकोव्ह' ही विमानवाहू नौका पडून होती. २००४ च्या करारात नौका फुकट. पैसे फक्त डागडुजीचे, ९७ कोटी ४० लाख डॉलर. काम २००८ पर्यंत उरकायचं होतं. मग नौका उघडून पाहिली. थोडंसं काम निघालं. २०१० पर्यंत आकडा २३५ कोटी डॉलरच्या घरात गेला. २०१२ च्या चाचणीत बॉयलरांनी दगा दिला. अखेर १६ नोव्हेंबर २०१३ ला उत्तर रशियातल्या सेवेरोद्विन्स्कच्या थंडीत ती 'विक्रमादित्य' नावाने नौदलात दाखल झाली, आणि मग कुठे कारवारच्या वाटेला लागली. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला म्हणतात. इथे तर कोंबडी फुकट होती. सौदा मध्येच मोडावा, तर गेलेले पैसे गेलेच असते आणि वर नौकाही नसती. दिल्लीतले हुशार अधिकारी जिथे रिकामा टेम्पो परत आणू शकले नाहीत, तिथे उर्शाच्या एकट्या गड्याकडून काय अपेक्षा करायची?

त्याआधीची 'विक्रांत' ब्रिटनमध्ये अर्धवट बांधून पडली होती. तीही आपण १९५७ साली तिथे जाऊन घेतली. १९७१ च्या युद्धात तिने पैसे फेडले हे मान्यच केलं पाहिजे. पुढे २०१४ मध्ये ती भंगारात निघाली, तिचं काही पोलाद आकुर्डीच्या बजाजने घेतलं आणि २०१६ साली त्यातून 'व्ही' नावाची मोटरसायकल आली. म्हणजे विक्रांत आता घराघरात आहे. फक्त मुंबई-पुणे एक्सप्रेस-वेवर दुचाकीला बंदी असल्यामुळे तिला उर्से टोलनाका ओलांडता येत नाही.

टोलनाक्याचा विषय निघालाच आहे, तर होडी घरी आणायचं गणित मांडून पाहू. समजा, छत्तीस फुटी होडी घेतली. रुंदी अकरा फूट, वजन सात-साडेसात टन. नेहमीच्या कंटेनरची आतली रुंदी पावणेआठ फूट, त्यामुळे ही महाराणी त्यात मावत नाही. मोठ्या जहाजाच्या डेकवर लोखंडी पाळण्यात बसून येते. जिने स्वतः समुद्र ओलांडायचा, ती दुसऱ्या जहाजाचं भाडं भरून न्हावा-शेव्याला उतरते. तिथे आयात शुल्क, आणि त्यावर जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून हौशी नौका ४० टक्क्यांच्या घरात, कोल्ड्रिंकच्या रांगेत बसवल्या आहेत. वल्ह्याच्या होडीला मात्र १८ टक्के. म्हणजे आपण घाम गाळला तर अठरा, वाऱ्याने ढकललं तर चाळीस.

पुढे ट्रेलर. रस्त्याच्या नियमांपेक्षा माल रुंद, म्हणून ट्रान्सपोर्टवाल्यांच्या भाषेत 'ओडीसी', म्हणजे वेगळी परवानगी, पुढेमागे लाल झेंडे, आणि बोरघाटात मागे तुंबलेल्या गाड्यांचे हॉर्न. घाट चढून ती उर्से टोलनाक्याशी येईल तेव्हा खरी मौज. एप्रिल २०२३ पासूनच्या दरपत्रकात पूर्ण प्रवासाला मोटारीचे ३२०, टेम्पोचे ४९५, ट्रकचे ६८५, बसचे ९४० आणि अनेक आसांच्या वाहनाचे २१६५ रुपये लिहिलेले आहेत. होडीचा रकाना नाही. ट्रेलरचे आस मोजून पैसे घेतले जातील हे खरं. पण वाहनावरच वाहन आहे, त्याला स्वतःचं इंजिन आहे, सुकाणू आहे, तेव्हा दुसरा फास्टॅग कुठे, असा प्रश्न बूथमधल्या पोराला पडला तर दोष देता येणार नाही.

पूर्वी हा टोल समुद्रातच घेतला जाई. कान्होजी आंग्र्यांचा दस्तक नसेल तर कोकणकिनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजाची धडगत नव्हती. जुनी नौका मिळवण्याची त्यांची रीतही साधी होती. ४ नोव्हेंबर १७१२ ला मुंबईच्या इंग्रज गव्हर्नराची 'अल्जेरिन' ही सशस्त्र नौका आंग्र्यांच्या आरमाराने ताब्यात घेतली. दलाल नाही, तपासनीस नाही, क्रेनचं भाडं नाही. शिवाय नौकेवर सापडलेल्या इंग्रज बाईंच्या सुटकेसाठी कंपनीला तीस हजार रुपये मोजावे लागले. खरेदीत घेणाऱ्यालाच पैसे मिळाल्याचं दुसरं उदाहरण शोधून सापडायचं नाही.

आता ही रीत चालणार नाही. लांबून घेतलेली होडी घरी आणायचा त्यातल्या त्यात देखणा मार्ग लष्कराच्या इंजिनिअर कोअरने दाखवला. या कोअरचं महाविद्यालय दापोडीला, म्हणजे उर्शापासून फार तर तासाभरावर. यांचं काम पूल बांधणं, सुरुंग काढणं. त्यांनी 'तृष्णा' ही ३७ फुटी जुनी शिडाची नौका इंग्लंडमध्ये घेतली. सरळ वाटेने आणली असती तर काही महिन्यांत मुंबई. पण सप्टेंबर १९८५ मध्ये इंग्लंडचा किनारा सोडून त्यांनी तोंड उलट्या दिशेला वळवलं. अटलांटिक, पॅसिफिक, ऑस्ट्रेलिया करत सगळ्या पृथ्वीला वळसा घातला, आणि जानेवारी १९८७ मध्ये मुंबईला पोचले. शिडाच्या नौकेतून भारतीयांनी केलेली ही पहिली पृथ्वीप्रदक्षिणा. टपाल खात्याने तिकीट काढलं. वाहतूक खर्च वाचवण्यासाठी माणसं काय काय करतात त्याला सीमा नाही. पण इथे घेणाऱ्यांनी पारख आधी केली होती आणि गाठ समुद्राशी आहे हे त्यांना ठाऊक होतं. फ्लेक्स नंतर लागला.

गंमत अशी की जुन्या होडीच्या या जागतिक वेडाचं मूळ कुलाब्यात आहे. १९६३-६४ मध्ये तिथे 'सुहैली' नावाची ३२ फुटी सागवानी नौका बांधली गेली. तिचे मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिला घेऊन मुंबईहून इंग्लंडला गेले. जगाभोवती एकट्याने, कुठेही न थांबता जायची शर्यत जाहीर झाली तेव्हा नवी पोलादी नौका बांधायला त्यांच्याकडे पैसे जमेनात. मग निघाले जुनीच घेऊन. १४ जून १९६८ ला सुटले, ३१२ दिवसांनी २२ एप्रिल १९६९ ला परतले. नऊ स्पर्धकांत पोचले ते एकटे. पन्नास वर्षांनी तीच गोल्डन ग्लोब शर्यत पुन्हा सुरू झाली, आणि अट अशी घातली की नौकेचा आराखडा १९८८ च्या आधीचा हवा. दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉइशेफर २०२२ च्या शर्यतीसाठी होडी शोधत कॅनडातल्या न्यूफाउंडलंडपर्यंत गेल्या, तिथे 'मिनेहाहा' मिळाली, मग स्वतः राबून ती खिळ्याखिळ्यातून तपासली, आणि एप्रिल २०२३ मध्ये त्या पहिल्या आल्या. गोव्यात राहणारे आपले अभिलाष टॉमी दुसरे. सांगोल्यात बाईंना कुणी फसवू शकलं नसतं.

आणि ज्यांना लांब जायचंच नव्हतं त्यांचंही अडलं नाही. भारतीयाने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी ही कल्पना व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. निवृत्तीनंतर ते राहिले कुठे, तर फलटण तालुक्यातल्या विंचुर्णीला, जिथे पाऊस पडला तर बातमी होते. त्यांच्या या कल्पनेसाठी परदेशातली जुनी नौका आली नाही. गोव्यात दिवाड बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात 'म्हादेई' नवी बांधली गेली, आणि कमांडर दिलीप दोंदे २००९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून निघून २०१० च्या मे महिन्यात प्रदक्षिणा पुरी करून आले. दिवाडला जायला उर्शातून व्हिसा लागत नाही. फेरीबोट लागते. पण गोव्याला गेलो होतो असं सांगितल्यावर गावात कुणी होडीबद्दल विचारत नाही, ही अडचण राहतेच.

तर होडी पवनेच्या काठाशी आली असं धरू. धरण साडेआठ टीएमसीचं, पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळांना जाणारं, त्यामुळे जलसंपदा खात्याची परवानगी हवी. अर्ज केला की साहेब विचारणार, पोट पाण्याखाली किती जातं? साडेपाच फूट. मे महिन्यात पाणी मागे सरकलं की पोट चिखलात. पावसाळ्यात वारा असा की जाणकार खलाशीही शीड उघडणार नाही, हिवाळ्यात वारा असा की उघडूनही उपयोग नाही. पहिल्या वर्षी पाहुणे डेकवर फोटो काढतात, दुसऱ्या वर्षी तिच्यावर निळी ताडपत्री पडते, तिसऱ्या वर्षी मेव्हणा बोलेनासा होतो. मग जाहिरात: 'विदेशी बनावटीची शिडाची नौका, एकहाती वापर, थोडंसं काम आहे. पाहण्यासाठी प्रत्यक्ष यावे लागेल.' पहिला फोन नागपूरहून येईल, आणि बोलणाऱ्याने रात्रीच्या गाडीचं रिझर्व्हेशन आधीच केलेलं असेल.