शुद्ध पाण्याची पदश्रेणी

आमच्या ऑफिसात पाणी पगाराप्रमाणे मिळतं. साहेबांच्या टेबलावर लिटरची बाटली. झाकण पिरगळायचा त्रास नको म्हणून शिपाई मामा तिचं सील आधीच उघडून आणतात. मीटिंगला आलेल्यांना पाव लिटरची बाटली. दुसऱ्या घोटानंतर आपली कुठली आणि शेजाऱ्याची कुठली, याचा पत्ता लागत नाही. आम्हा कारकुनी जनतेला पॅन्ट्रीतला प्युरिफायर आणि त्याखालचा स्टीलचा कूलर. वॉचमन, ड्रायव्हर आणि सफाईच्या मावशी यांना जिन्याखालचा नळ, थेट कॉर्पोरेशनच्या लाइनवरचा. कावीळ आणि टायफॉइड यांना मात्र ही उतरंड अजून कुणी समजावून सांगितलेली नाही.

आमचा कूलर संडासाच्या भिंतीला पाठ लावून उभा आहे. 1948 च्या कारखाने कायद्यात लिहिलं होतं, की पिण्याच्या पाण्याची जागा मुतारी-संडासापासून सहा मीटर तरी लांब हवी, बहुतेक कामगारांना वाचता येईल अशा भाषेत तिथे पाटी हवी, आणि 250 हून जास्त कामगार असतील तर उन्हाळ्यात पाणी थंडही करून द्यावं. हे मी अ‍ॅडमिनच्या मॅडमच्या कानावर घातलं. "तो कारखान्यांचा कायदा," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे कसलं उत्पादन होतं?"

यावर ऑफिसातल्या कुणालाच उत्तर सुचलं नाही.

कूलरवर स्वच्छतेचं कार्ड लटकतं. त्यावर दर आठवड्याची सही आहे, पुढच्या महिन्याचीसुद्धा. गच्चीवरच्या टाकीचंही असंच कार्ड आहे. टाकीचं झाकण तेवढं गणपतीपासून मांडवाच्या पत्र्यावर वजन म्हणून ठेवलेलं आहे. कबुतरांची सोय झाली.

अशा परिस्थितीत अकाउंट्सच्या काकांनी टीडीएस मीटर विकत घेतला. पेनासारखा खिशाला लावायचा आणि दिसेल त्यात बुडवायचा. पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत चालतात, दुसरं पाणीच नसेल तर 2000 पर्यंत, असं भारतीय मानक 10500 सांगतं. कूलरचं पाणी साठाच्या आसपास आलं आणि काकांनी ते 'अमृत' म्हणून जाहीर केलं. त्याच झपाट्यात त्यांनी माझ्या नारळपाण्यात मीटर बुडवला आणि ते पिण्यास अयोग्य ठरवलं.

आता हा मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते बघतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज बांधतो. जंतू त्याच्या खात्यातच येत नाहीत. तेच मानक म्हणतं, की 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय एकही सापडता कामा नये. पण आकडा दाखवणाऱ्या यंत्राला आकडा मागणारं ऑफिस कधी नाही म्हणत नाही. 'टीडीएस 62' अशी पाटी कूलरवर लागली, खाली काकांची सही.

जंतूंचा बंदोबस्त करायला कॉर्पोरेशन पाण्यात क्लोरीन घालतं, आणि नळाशी पोचेपर्यंत त्यातलं थोडं उरावं अशी काळजीही घेतं. आम्हाला त्याचा वास येतो. म्हणून प्युरिफायरमधला कार्बन ते क्लोरीनच काढून टाकतो आणि ते निर्धास्त पाणी आम्ही न धुतलेल्या कूलरमध्ये साठवतो. रखवालदाराला फाटकावरून परत पाठवायचं आणि दार मात्र उघडं टाकायचं, असा हा प्रकार.

हे सगळं उघडकीला आणलं मामांच्या पुतण्याने. तो गावी ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. काकूंच्या औषधपाण्यासाठी शहरात आला, तो खिशात ओटीची, म्हणजे ऑर्थोटोलिडीनची, बाटली घेऊनच. टेस्ट ट्यूबमध्ये पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही तर नाही. मामा "अरे, राहू दे" म्हणत होते, पण तोवर आख्खं ऑफिस जमलं होतं.

कूलरचं पाणी जसंच्या तसं राहिलं. काकांनी मीटर खिशात सरकवला. मीटिंगची बाटलीही ढिम्म. "कंपनीच्या बाटलीत क्लोरीन नसतंच," पुतण्या म्हणाला. "सीलबंद असतंय ना." जिन्याखालच्या नळाचं पाणी पिवळं झालं. वॉचमनने मिशीवरून हात फिरवला.

मग साहेब स्वतः आपली बाटली घेऊन आले. थेंब पडले आणि पाणी पिवळं झालं, थेट नळाच्या पाण्याइतकं.

मामा छताकडे पाहू लागले. मॅडमनी गेल्या वर्षभराची बाटल्यांची बिलं मनातल्या मनात उलगडली असावीत.

"पाहिलंत?" साहेब खूश होऊन म्हणाले. "ब्रँडेड पाण्यात काहीतरी जास्तीचं असतंच!"

तेव्हापासून काका, मॅडम आणि मी जिन्याखाली पाणी भरायला जातो. वॉचमन उठून उभा राहत नाही, रजिस्टर पुढे सरकवतो: नाव, मजला, कुणाला भेटायचं, कशासाठी. मॅडमनी विचारलं, "आम्ही याच ऑफिसचे, आम्हाला कशाला?"

"मॅडम," तो म्हणाला, "हे स्टाफचं पाणी आहे."