सोवळ्यातले ब्रेक

महिन्यातल्या एखाद्या शुक्रवारी रात्री साडेदहाच्या सुमाराला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक गृहस्थ चटई अंथरून बसलेले दिसतात. समोर जॅकवर चढवलेली लाल पोलो, चाक काढून बाजूला निजवलेलं, पाने उतरत्या क्रमाने मांडलेले, कपाळाला बॅटरी. हातात व्हर्नियर कॅलिपर. अकरावी सायन्सनंतर ते उपकरण मी फक्त यांच्याच हातात पाहिलं. वॉचमनसुद्धा अशा वेळी दोन हात लांबून जातो. पूजा ऐन रंगात असताना यजमानांना 'समई कितीला पडली हो?' असं विचारू नये, तसंच हे.

यांना आम्ही ब्रेकशास्त्री म्हणतो. खरं नाव पाटीवर आहे, पण ते फक्त कुरिअरवाला वापरतो.

शास्त्रीबुवांची गाडी एक, पण तिची आयुष्यं दोन. सोमवार ते शुक्रवार ती कोथरूडहून हिंजवडीला जाते. अंतर सोळा-सतरा किलोमीटर, वेळ सव्वा तास. चांदणी चौकात तर ती चालते की उभी आहे हे शेजारच्या टपरीकडे बघून ठरवावं लागतं. आणि वर्षातून दोनदा हीच गाडी बाराशे-एक किलोमीटर तुडवून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला जाते, नाहीतर कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर. पहिला ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, दुसरा २.१ चा. तिथे पैसे भरायचे आणि नेमून दिलेली काही मिनिटं गोल गोल फिरायचं. याला 'ट्रॅक डे' म्हणतात. शर्यत नसते, बक्षीस नसतं, समोरून कुणी येत नसतं. आपली गाडी आपल्याच खर्चाने जमेल तितक्या जोरात झिजवायची, एवढाच संकल्प.

गाडीवेड्यांच्या इतर शाखा मला माहीत आहेत. एक सायलेन्सरवाली, तिचा परिचय रात्री एक वाजता आपोआप होतो. एक गाणीवाली, तिची डिकी म्हणजे स्पीकर ठेवायचं कपाट. पण शास्त्रीबुवांची शाखा विरळा. ते वेगाबद्दल चकार शब्द बोलत नाहीत. "पळवणं काय, कुणालाही येतं," ते म्हणतात. "थांबवणं ही विद्या आहे." आणि या विद्येचं बीज म्हणजे ब्रेक पॅड. तळहातावर मावेल एवढी वस्तू, पण तिच्या निवडीला त्यांना अकरा महिने लागले. मुलीच्या शाळेची निवड एका रविवारी दुपारी उरकली होती.

एकदा लिफ्टमध्ये मी सहज म्हणालो, "ब्रेक म्हणजे ब्रेक. एवढं काय त्यात?" लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली, उघडली, मिटली. शास्त्रीबुवांनी मला खाली नेलं आणि चहाच्या भाषेत समजावलं. "हिंजवडीला जाताना ताशी चाळीसवरून गाडी थांबवलीत की जी उष्णता निघते, त्यात एक मोठा कप पाणी उकळीपर्यंत येईल. ट्रॅकवर दीडशेवरून साठवर आणलीत की अडीच लिटर. सोसायटीच्या सभेला पुरेल एवढा चहा. एका वळणाला. आणि अशी वळणं दर फेरीला येतात."

"आपल्या सभेला अडीच लिटर लागत नाही," मी म्हणालो. "कोरमच नसतो."

पण हिशेब खरा होता. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, आणि ती सगळी आधी जाते पॅड आणि डिस्क यांच्या वाट्याला. रोजच्या पॅडना एवढ्या आचेची सवय नसते. त्यांच्यातल्या रेझिनचा वायू सुटतो, पकड सुटते, पाय दाबलेलाच राहतो आणि वळण मात्र जवळ येत राहतं. मग म्हणावं, ट्रॅकचेच पॅड कायमचे घालावेत. तर त्यांची तऱ्हा उलटी. अस्सल शर्यतीच्या पॅडना बऱ्याचदा दोनशे अंशांच्या पुढे गेल्याशिवाय जाग येत नाही. सकाळी सात वाजता, थंडीत, पौड रोडच्या पहिल्या सिग्नलला असा पॅड दाबला की गाडी थांबण्याआधी थोडा विचार करते. शिवाय ते किंचाळतात, डिस्क खातात आणि चाकांवर काळी भुकटी उडवतात.

म्हणजे एक पॅड घरात शहाणा आणि रणात पळपुटा, दुसरा रणात शूर आणि घरात असह्य. दोन्हीकडे नीट वागणारं स्थळ हवं. शास्त्रीबुवांनी रीतसर वधूवरसंशोधन सुरू केलं.

एक्सेलचा तक्ता झाला. त्यात ईबीसीचे हिरवे, लाल, पिवळे, निळे असे पॅड आले. त्यावर वहिनी म्हणाल्या, "रंगपंचमीपर्यंत ठरेल बहुतेक." ठरलं नाही. फेरोडोचा डीएस २५०० आला. हॉक आला. प्रत्येकाची पत्रिका पाहिली गेली. आणि पत्रिका म्हणजे खरंच पत्रिका: पुष्कळ पॅडांवर दोन अक्षरं छापलेली असतात, पहिलं थंड असतानाच्या घर्षणाचं, दुसरं गरम असतानाच्या. एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. रास आणि नक्षत्र. शास्त्रीबुवा कुणाचाही पॅड उलटा करून आधी ही अक्षरं वाचत आणि "हं" म्हणत. त्या 'हं'मध्ये मंगळ असल्याची शंका असे.

स्थळं बघण्यात आठ महिने गेले. गॅरेजवाला मिस्त्री कंटाळला. "साहेब, कंपनीचे डिस्क पॅड टाका, ब्रेक ऑइल बदला, विषय संपला," असं तो दर भेटीत सांगे. "ऑइल ठीक आहे," शास्त्रीबुवा म्हणत, आणि पुढचा अर्धा तास ऑइलवर जाई. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ प्रतीचं कोरं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल धरलेलं १५५ लाच उकळू शकतं. उकळलं की बुडबुडे, बुडबुडे दाबले जातात, आणि पेडल थेट मॅटला टेकतं. शास्त्रीबुवांच्या आईंना हे पहिल्या वाक्यातच कळलं. "पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी ठेवल्यासारखं," त्या म्हणाल्या आणि शेंगा सोलत राहिल्या.

वहिनींचा संयम दहाव्या महिन्यात संपला. त्याला कारणही शास्त्रीबुवाच. त्यांनीच जेवताना हौसेने सांगितलं होतं, की १८८८ साली बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याने बनवलेली मोटार मानहाइमहून फोर्टझहाइमला घेऊन गेली. शंभर-एक किलोमीटर. वाटेत उतारांवर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा तिने एका गावातल्या मोच्याकडून त्यांच्यावर चामडं ठोकून घेतलं. जगातलं पहिलं ब्रेक लायनर ते.

वहिनींनी ताट उचलता उचलता विचारलं, "मोच्याकडे किती महिने बसली होती?"

आमच्याच इमारतीत अण्णा राहतात. एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर, त्यातली निम्मी वरंधा आणि कुंभार्ली घाटात गेलेली. शास्त्रीबुवांना त्यांच्याविषयी आदर, आणि थोडी भीतीही. एका शुक्रवारी अण्णा चटईपाशी येऊन उभे राहिले.

"काय चाललंय रे?"

"अण्णा, पुढचे पॅड मोजतोय."

"आणि मागं काय आहे?"

"मागे..." शास्त्रीबुवांचा आवाज खाली गेला. "मागे ड्रम आहेत."

"मग मागचे लायनर कधी पाहिलेस?"

पार्किंगमध्ये बराच वेळ फक्त ट्यूबलाइटचा आवाज येत होता. अकरा महिन्यांच्या त्या तक्त्यात मागच्या चाकांना रकानाच नव्हता. जाता जाता अण्णा म्हणाले, "ज्या गिअरात घाट चढलास, त्याच गिअरात उतर. निम्मा ब्रेक इंजिनच मारतं." तीस वर्षांचा ग्रंथ त्यांनी दोन ओळींत आटोपला.

शेवटी निकाल लागला तो आईंमुळे. शास्त्रीबुवा कुणाशी तरी फोनवर बोलत होते, की दोन्ही गुण एकात मिळतच नाहीत, मिळतो तो दोन्हीकडे मध्यम. फोन ठेवल्यावर आई म्हणाल्या, "अरे, म्हणजे ट्रॅकचे सोवळ्यातले आणि ऑफिसचे ओवळ्यातले, असंच ना? मग दोन जोड ठेव आणि बदलत जा. आम्ही काय एकाच लुगड्यावर स्वयंपाक आणि पूजा करायचो?"

अकरा महिने अडलेला प्रश्न अशा रीतीने सुटला. दोन जोड आले. ऑफिसचे साधे, कंपनीचे. ट्रॅकचे मखमली पिशवीत. हात लावायचा नाही. ग्रीसचं बोट तर नाहीच, कारण तेलकट पॅड बाटलेला.

नव्या पॅडांची मुंज लागली ती एका रविवारी पहाटे. याला 'बेडिंग-इन' म्हणतात. ताशी ऐंशीवरून जोरात ब्रेक दाबून दहावर यायचं, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा ऐंशी, पुन्हा दहा. असं आठ-दहा वेळा, म्हणजे पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो. मग गाडी निवेपर्यंत हळू चालवायची. साक्षीदार म्हणून मी शेजारी होतो. पोट प्रत्येक वेळी ऐंशीवरच राहत होतं. परतलो तेव्हा चाकांतून जळकट वास आणि थोडा धूर येत होता. वॉचमन धावत आला. "साहेब, हँडब्रेक राहिलाय वाटतं!" शास्त्रीबुवांच्या चेहऱ्यावर मात्र मुंज निर्विघ्न पार पडल्याचं समाधान होतं.

आता सोवळ्याचा नियम एकच: ते जिथे नेसायचं तिथेच सोडायचं. ट्रॅकवर पोचल्यावर पॅड घालायचे, निघण्याआधी काढायचे. माहीतगार हाताला दोन चाकांचं काम तासाभरात होतं. पण एका खेपेला चेन्नईत दिवसभर ऊन खाऊन शास्त्रीबुवा दमले. "पुण्यात जाऊन बदलू," म्हणाले. सोमवारी मध्यरात्री पोचले आणि झोपले. मंगळवारी सकाळी, थंड गाडी, थंड डिस्क, आणि चांदणी चौकाच्या अलीकडे पुढची रिक्षा थांबली. शास्त्रीबुवांनीही वेळेवर ब्रेक दाबला. पोलोने विचार केला. विचार संपायच्या आत ती रिक्षाला अगदी हलकेच, ओळख काढावी तशी, टेकली.

रिक्षावाला उतरला. "ओ साहेब, ब्रेक मारता येत नाही का?"

"मारला हो," शास्त्रीबुवा कळवळून म्हणाले. "पण तापला नव्हता!"

रिक्षावाल्याने त्यांच्याकडे, मग गाडीकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. पुण्यात रिक्षावाला निरुत्तर झाल्याचा दुसरा प्रसंग माझ्या ऐकण्यात नाही. पाचशे रुपयांत मिटलं. त्या रात्री सोवळं पिशवीत परत गेलं.

ही हकिगत मी वर्षभर रंगवून सांगत होतो. परवाच्या शुक्रवारी चटईपाशी उभा राहून पुन्हा सांगत होतो, तेव्हा शास्त्रीबुवा शांतपणे म्हणाले, "तुमची गाडी आणा बरं इथे." आणली. चाक निघालं, व्हर्नियर लागला. नवा पॅड दहा-बारा मिलिमीटरचा असतो, तीनवर आला की बदलायचा. माझा दोनवर होता.

"ब्रेक ऑइल कधी बदललंत?" त्यांनी विचारलं.

मला ते बदलतात हेच त्यांच्यामुळे कळलं होतं. दर दोन वर्षांनी. माझी गाडी सहा वर्षांची आहे. शास्त्रीबुवांनी नुसतं "हं" म्हटलं.

आमच्या पार्किंगमध्ये साठ-एक गाड्या आहेत. त्यातल्या प्रत्येकीचा मायलेज, रीसेल आणि स्क्रीनचा आकार तिच्या मालकाला तोंडपाठ आहे. आपली गाडी कशी थांबते हे ठाऊक असलेला माणूस एकच, आणि त्याला आम्ही वेडा म्हणतो. तेव्हा वाचकहो, हसून झालं असेल तर या आठवड्यात गाडी मिस्त्रीकडे न्या, पुढचे पॅड मोजून घ्या, ऑइल किती जुनं आहे ते विचारा. आणि मागचे लायनरही पाहायला सांगा.