नाकानं वाइन पिणारे

बोर्दोमध्ये कुणाकडे जेवायला गेलात आणि यजमानानं दार उघडताच तुमच्या चेहऱ्याआधी हातातल्या बाटलीकडे पाहिलं, तर समजावं की आपण जाणकाराच्या घरी आलो. तो बाटली घेतो, लेबलवरून नजर फिरवतो, भरभरून आभार मानतो आणि तिला स्वयंपाकघरात पोचती करतो. ती पुन्हा टेबलावर येत नाही. उद्या तिच्यात मांस शिजायचं असतं.

हा जाणकार साठीचा, विमा कंपनीतून नाहीतर टपाल खात्यातून निवृत्त झालेला. द्राक्षमळ्याशी त्याचा संबंध एवढाच, की त्याची ऑफिसची बस पेसाकमधल्या शातो ओ-ब्रियोंवरून जायची. पण बोलतो असा, की तिथल्या वेली याच्या आज्यानंच लावल्या. घरात माणसं घामानं निथळत असली तरी वाइनचं कपाट १२ अंशांवर असतं. घरातल्या घटनाही तो वाइनच्या सालांवरून लक्षात ठेवतो. थोरली मुलगी १९८२ची. ते साल म्हणजे सोनं! तिच्या अठराव्या वाढदिवसासाठी दोन पेट्या बाजूला पडल्या. धाकटा १९९१चा. त्या एप्रिलमध्ये कडाक्याचं हिव पडलं आणि वेलींचे कोंब करपले. पोरगा पुढे सर्जन झाला, पण बाप त्याच्याकडे बघून अजून हळहळतो.

१८५५ची यादी त्याला पाठ असते. त्या वर्षी तिसऱ्या नेपोलियनच्या पॅरिसमधल्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी तिथल्याच मेदोक भागातल्या तांबड्या वाइनची पाच पायऱ्यांत प्रतवारी लावली, आणि तीही बाजारभाव बघून. सर्वांत वरच्या पायरीवर लाफित, मार्गो, लातूर (मराठवाड्यातलं नव्हे) आणि मेदोकबाहेरचं असूनही ओ-ब्रियों. दलालांनी लावलेली ही उतरंड फ्रान्समध्ये राजे आणि राज्यघटना बदलल्या तरी जवळपास जशीच्या तशी आहे. १९७३ साली एक शातो दुसऱ्या पायरीवरून पहिल्या पायरीवर चढलं, त्या हुकमावर शेतीमंत्री जाक शिराक यांची सही आहे. शिराक पुढे १२ वर्षं राष्ट्राध्यक्ष होते, पण जाणकाराच्या लेखी त्यांची कारकीर्द त्या सहीपाशीच संपली.

आठच्या जेवणासाठी बाटली चारला उघडते. मग मेणबत्ती पेटवून, बाटलीची मान ज्योतीसमोर धरून, तळाचा गाळ येऊ न देता वाइन काचेच्या सुरईत उतरवायची. या वेळी घरात कुणी शिंकायचं नाही. नमनाला घडाभर तेल जातं आणि पेल्यात दोन बोटं वाइन पडते. तो पेला पांढऱ्या टेबलक्लॉथवर तिरका धरून रंग बघतो, पेला गरगर फिरवतो आणि त्यात नाक खुपसतो. ते नाक बाहेर येईपर्यंत सूप निवतं. शेवटी एक घोट, आणि तोही सरळ गिळायचा नाही. बशीतला चहा फुरकावा तशी तोंडातून हवा आत ओढायची, गाल हलवायचे, डोळे मिटायचे.

"देवदार," तो म्हणतो. "सिगारची पेटी. पावसानंतरचं जंगल." आणि तुमच्याकडे बघतो.

"छान आहे," तुम्ही म्हणता. तो अजून बघत असतो.

"पेन्सिल?" तुम्ही अंधारात दगड टाकता.

"पेन्सिलीचं शिसं!" तो उठून तुमचा हात हातात घेतो. मेदोकमधल्या पोयाक गावच्या कॅबरने सोविन्यों द्राक्षाची खूणच ती. आता या घरात तुमचं कायमचं पान मांडलं गेलं.

दोन विषय मात्र त्याच्यासमोर काढू नयेत. पहिला १९७६चा. त्या वर्षी पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी लेबलं झाकून वाइन चाखल्या आणि बोर्दोच्या भल्याभल्या शातोंच्या वर कॅलिफोर्नियाची कॅबरने बसवली. "आमच्या बाटल्या अजून वयात यायच्या होत्या," हे त्याचं उत्तर. दुसरा विषय २००१चा, आणि तो तर घरातलाच. बोर्दोच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी पांढऱ्या वाइनमध्ये चव नसलेला तांबडा रंग मिसळला आणि ५४ विद्यार्थ्यांनी तिच्यात तांबड्या वाइनचे सगळे वास शोधून काढले. यावर तो शांतपणे म्हणतो, "विद्यार्थीच होते ना ते?" आणि सुरईला पाठ लावलेली रिकामी बाटली हळूच लेबल दिसेल अशी फिरवतो.

जेवणाच्या जोडीबाबत मात्र त्याला मानलंच पाहिजे. तिथं तो नाकानं कांदे सोलत नाही. तांबड्या वाइनमधलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं म्हणून तोंड कोरडं पडतं, तुरट होतं. समोर पोयाकचं कोवळं कोकरू असेल तर त्यातली चरबी आणि प्रथिनं तो तुरटपणा सोसतात आणि वाइन एकदम मवाळ होते. एंत्रकोत, म्हणजे बरगडीकडचं गोमांस, तर तो वेलींच्या छाटणीच्या काटक्यांवरच भाजतो; गॅसवर भाजणाऱ्याशी सोयरीक करणार नाही. व्हिनेगरचं सॅलड आलं की पेल्यांवर तळवा ठेवतो. कॅमेम्बेर चीजबरोबर तांबडी वाइन पिणं हा त्याच्या मते गुन्हा. उभा फ्रान्स तो करतो, त्याला इलाज नाही. तिकडे शिकायला गेलेला आपला एखादा शाकाहारी मुलगा जेवायला आला की दोन मिनिटं घरात सुतक असतं. मग त्याला सेप आठवतात. बोर्दोकडची ती जाडजूड रानअळंबी लसूण आणि पार्सलीत परतून येते आणि मर्लोशी तिचं सूत असं जुळतं की मांसाहारीही ताटं पुढे करतात. मुलानं आईच्या हातचं लोणचं काढलं तर मात्र यजमान हळूच सुरई उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेतो. तिखटापुढे टॅनिन आणखी बोचतं, अल्कोहोल आणखी जाळतं, हेही त्याचं खरंच.

एवढा ज्ञानी माणूस वाइन आणतो कुठून? सप्टेंबरमध्ये सुपरमार्केटांत वाइनचे मेळे भरतात. तिथं तो पहिल्या दिवशी, दार उघडायच्या आधी हजर असतो. ओळखीचं कुणी भेटलं तर म्हणतो, "कपड्याचा साबण संपला होता." ट्रॉलीत चार पेट्या असतात आणि वर साबणही ठेवलेला असतो.

या सगळ्यावर उतारा एकच: त्याची आई. नव्वदीची म्हातारी, खेड्यात वाढलेली, सूप सावकाश पिणारी. इकडे प्रवचन रंगात येतं आणि तिकडे ती सुरई ओढून वाडग्यातल्या उरल्यासुरल्या गरम सुपात चांगली बचकभर वाइन ओतते. नैर्ऋत्य फ्रान्समध्ये याला शाब्रो म्हणतात. पिढ्यानपिढ्या शेतकरी असंच सूप संपवत आले. म्हातारी वाडगा हलवते आणि दोन्ही हातांनी तोंडाला लावते.

"अगं आई, ती २००५ सालची आहे!" जाणकार किंचाळतो.

"एवढी जुनी?" म्हातारी ओठ पुसत म्हणते. "मग संपवायलाच हवी होती."