परमुलखातला फेस

विलायतेत काही वर्षे काढून निपाणीस परतलेल्या मनुष्याने धूळ, डास आणि नातलग यांविषयी तक्रार करावी असा शिरस्ता आहे. माझी तक्रार मात्र बीअरविषयी होती, आणि चारचौघांत मांडण्याजोगी नसल्यामुळे ती मी बराच काळ पोटातच ठेवली. बर्मिंगहॅमच्या पबांत तळघरातील पिंपातून हातपंपाने उपसून, बर्फाची सावलीही पडू न देता, पाइंटच्या म्हणजे ५६८ मिलिलिटरच्या मापाने मिळणाऱ्या तांबूस, कडसर 'बिटर'ची मला सवय जडली होती. इकडे महामार्गालगतच्या एका बारमध्ये मी "जरा कमी गार" अशी विनंती करताच, भर दुपारी कंदील मागणाऱ्याकडे पाहावे तसे वेटरने माझ्याकडे पाहिले आणि, "गार नगो तर आमी फ्रिज कशापायी ठेवलाय, मालक?" असा बिनतोड सवाल केला. त्याने आणलेली बाटली अर्थातच 'स्ट्राँग' होती. आमच्या भागात बीअरची परीक्षा जिभेवर न होता मस्तकात होते.

वास्तविक या फिर्यादीत आद्य फिर्यादीचा मान इंग्रजाचाच. इथल्या उष्म्यात घरच्या बीअरवाचून कासावीस झालेल्या कंपनीच्या साहेबांसाठी लंडनच्या हॉजसन नावाच्या बीअरवाल्याने आपली पिंपे आफ्रिकेला वळसा घालून पाठवली. त्या बीअरच्या कीर्तीस तिच्या चवीइतकाच हॉजसनने जहाजांच्या कप्तानांना दिलेल्या लांब मुदतीच्या उधारीचाही हातभार लागला असावा, असे माझे व्यापारी गावात वाढलेले मन म्हणते. पुढे थॉमस लीशमन या स्कॉटिश गृहस्थाने १९१५ साली दक्षिणेतले पाच कारखाने एकत्र करून युनायटेड ब्रुअरीज स्थापली. आज मात्र बाटलीत सापडते ती १८४२ साली बोहेमियातील पिल्सेन गावी जन्मलेल्या फिकट लागरची दूरची नात! साहेबाने कलेक्टर ठेवला, स्टँपपेपर ठेवला, बेळगावचा कँप ठेवला. बिटर तेवढी नेली.

निपाणीकरास परदेशगमनाची आवश्यकताच नाही, कारण १ नोव्हेंबर १९५६ रोजी घराचा उंबरठा न ओलांडता तो मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात दाखल झाला. कोगनोळी नाका ओलांडून कागलच्या बाजूस गेले की १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा अंमल सुरू होतो, आणि पिणाऱ्यास आरोग्य राखण्यासाठी म्हणून परवाना घ्यावा लागतो. म्हणजे नाक्याच्या दक्षिणेस जे निखळ व्यसन, तेच उत्तरेस सरकारमान्य औषध. पुण्यात २००९ पासून डूलालीसारख्या बीअर जागच्या जागी बनवणाऱ्या ठिकाणी बिटरच्याच कुळातली ताजी एलही मिळू लागली. पण एका पाइंटसाठी पुणे गाठणे हे तंबाखूच्या व्यापारात मुरलेल्या आमच्या घराण्याच्या हिशेबात बसणारे नव्हते.

अखेर माझे स्नेही अण्णा मला संध्याकाळी कोल्हापुरास गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर घेऊन गेले. ग्राहकासमोर म्हैस पिळून, काठोकाठ फेसाचा पेला हाती ठेवला जातो: बर्फ नाही, यंत्राने कोंबलेला वायू नाही, बाटली नाही, आणि पिणे उभ्याउभ्याच. अस्सल एलच्या रक्षणार्थ १९७१ साली चळवळ उभारणाऱ्या इंग्रजांनी घातलेल्या बहुतेक अटी ती म्हैस, कडूपणाचे कलम वगळता, निमूटपणे पाळत होती. वरच्या ओठावरची पांढरी मिशी पुसत मी सवयीने आणखी अर्ध्या पाइंटाची मागणी केली.

"आता ऱ्हायल्यालं रेडकाचं हाय," म्हणून मालकाने म्हैस वळवली.