पावसात दोष, उन्हात निर्दोष

वळवाचे पहिले टपोरे थेंब पडले की निगडी-प्राधिकरणातली माणसं गच्चीवरचे कपडे काढायला धावतात. हॅमकाका रेडिओ लावायला धावतात. काकू ओरडतात, "अहो, चादरी भिजताहेत!" आतून उत्तर येतं, "थांब गं, इकडे रिपीटर भिजतोय."

हॅमकाका ही एक व्यक्ती नाही, जमात आहे. भोसरी, आकुर्डी, चाकण या पट्ट्यात ती विशेष आढळते, कारण तिला लागतं ते सगळं इथे मिळतं: कंपनीच्या मेंटेनन्स खात्यात गेलेली उमेदीची वर्षं, भंगारात काहीतरी कामाचं सापडेलच ही श्रद्धा, आणि सगळं सुरळीत चालू असलं की वाटणारी अस्वस्थता. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, व्हीयू टू किंवा व्हीयू थ्रीनं सुरू होणारं कॉलसाइन मिळवायचं, की माणूस हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, झाला. वयाच्या 12 व्या वर्षापासून ही परीक्षा देता येते. व्हीयू टूवाल्याला मोर्सची कट्टकडकट्ट आलेली असते, व्हीयू थ्रीवाल्याला ती माफ. त्यामुळे पर्मनंट कामगार ट्रेनीकडे बघतो तसा जुना व्हीयू टू नव्या व्हीयू थ्रीकडे बघतो: प्रेमानं, पण कॅन्टीनच्या रांगेत पुढे उभा राहून.

हातातल्या वॉकीटॉकीचा आवाज काळेवाडीहून थेट चाकणला पोचणं अवघड. मध्ये उंचावर कुणीतरी मध्यस्थ लागतो. तो रिपीटर. 145 मेगाहर्ट्‌झच्या आसपास तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी, सहसा 600 किलोहर्ट्‌झ पलीकडे, तेच जोरात सांगतो. त्याच्या जिवावर काका चाकणच्या तळेगाव चौकातही आनंदात असतात. बाकीचे हॉर्न वाजवत असताना हे गाडीत बसून एक अख्खी तांत्रिक चर्चा पार पाडतात आणि शेवटी सगळ्यांना "सेवन्टी-थ्री" म्हणतात. 73 म्हणजे सप्रेम नमस्कार. 88 म्हणजे प्रेम आणि पापे. काका घरातून निघताना काकूंनाही 73 च म्हणतात.

रिपीटरची अँटेना मात्र टेकडीवरच्या टॉवरवर बारा महिने उघडी. मेचं ऊन तिचं फायबर सोलतं, गंज क्लॅम्प खातो, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो हे अँटेना बसवणाऱ्यांना नेमकं जूनमध्ये आठवतं. पण काकांचा खरा वैरी मोडलेली अँटेना नव्हे. मोडलेली दिसते तरी. खरा वैरी म्हणजे पावसात येणारा आणि उन्हात जाणारा दोष. पाऊस पडतो, रिपीटर खरखरतो, बोबडा होतो, गप्प बसतो. पण ओल्या टॉवरवर, विजा चमकत असताना चढायचं नाही, हा नियम. आभाळ उघडतं, सगळे टेकडीवर पोचतात, तर रिपीटर ठणठणीत! पावसात दोष, उन्हात निर्दोष. साक्षीदार दर वेळी वाळून गेलेला.

म्हणून काका आधी जमिनीवर तपास करतात. सगळ्यांनाच क्षीण ऐकू येतंय की एकालाच? बॅटरीचे व्होल्ट किती? मग रिपीटरला अँटेनाऐवजी तिचं सोंग घेणारा डमी लोड जोडायचा. त्यावर तो नीट चालला, तर गुन्हेगार वर आहे, केबलमध्ये किंवा अँटेनात. नवशिका उत्साहानं मल्टिमीटर लावतो, तो बीप करतो आणि पोरगं ओरडतं, "काका, शॉर्ट!" काका या क्षणासाठीच जगत असतात. फोल्डेड डायपोल अँटेना म्हणजे मुळात तारेचा बंद फेरा. मल्टिमीटरला तो शॉर्टच दिसणार, रेडिओलहरींना नाही. मग परत येणारी ताकद दाखवणारा एसडब्ल्यूआर मीटर लागतो. तीनास एक आला तर चौथा हिस्सा ताकद वरून परत येतेय. दीडास एक आला की पोरगं पुन्हा खूश. काका आणखी खूश, कारण हा दुसरा सापळा. केबल पाण्यानं भिजली असेल तर ती जाणारी ताकद खाते आणि परत येणारीही खाते. परत काही येतच नाही, म्हणून खाली मीटर म्हणतो, सगळं छान! वर अँटेना उपाशी.

दोष सापडला की काका कंपनीतल्या सवयीनं 'फाइव्ह व्हाय' करतात. रिपीटर का बसला? केबलमध्ये पाणी गेलं. पाणी का गेलं? कनेक्टरवरची टेप सुटली. का सुटली? ती साधी वायरमनची टेप होती, उन्हानं कडक झाली. साधी का लावली? रबराची सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप संपली होती. मग काम थांबवलं का नाही? इथे सगळे टॉवरकडे बघू लागतात. कारण कुणीतरी म्हणालं होतं, "चालतंय की!" काका रिपोर्टमध्ये त्याचं नाव लिहीत नाहीत. ते संध्याकाळच्या रेडिओ-बैठकीत, म्हणजे नेटवर, सगळ्यांना ठाऊकच असतं.

साठी उलटलेले काका स्वतः चढत नाहीत. चढतो मोबाइल टॉवरवर काम करणारा एक पोरगा, फुल बॉडी हार्नेस घालून, पाना कमरेला दोरीनं बांधून. त्याआधी काका टेकडीवर टूलबॉक्स टॉक घेतात आणि वर्क परमिट भरतात. अर्जदार काका, मंजुरी देणारे काका. मग खालून वॉकीटॉकीवर सूचना: टेप ताणून, खालून वर गुंडाळ, म्हणजे पाणी थरात न शिरता घसरेल. केबलला कनेक्टरच्या खाली एक वेढा दे, पाणी तिथून ठिबकू दे. आणि व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन लावशील तर खाली येऊ नकोस. त्यातलं ॲसिड तांबं खातं.

टेकडी जिंकणारा हा माणूस हरतो तो स्वतःच्या सोसायटीत. पावसात कुणाची डिश बंद पडली की बोट काकांच्या गच्चीवरच्या काठीकडे. काका समजावतात, की डिशच्या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटरच्या, त्यांना पावसाचे थेंब अडवतात; आमच्या लहरी दोन मीटरच्या, त्यांना पावसाचं काही वाटत नाही. सभा शांतपणे ऐकते आणि गच्चीला कुलूप लावायचा ठराव मंजूर करते.

मोबाइलला रेंज आहे तोवर हॅमकाका रिकामटेकडेच वाटणार. पण 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्ये आधीपासून हजर असलेल्या भारती प्रसाद यांच्या हॅम गटानं निरोप मुख्य भूमीवर पोचवले. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा तिथल्या गावागावांत वीज गेली आणि मोबाइल मुके झाले. अशी वेळ आपल्याकडेही येऊ शकते. तेव्हा सेक्रेटरीसाहेब, मे संपायच्या आत गच्चीची किल्ली काकांच्या हाती द्या. आणि ते कनेक्टरला टेप गुंडाळत असताना शेजारी उभं राहून "चालतंय की" एवढं मात्र म्हणू नका.